हिरवें रान आणि जुना बेहडा

महाडाहून पोलादपुराकडे सावित्रीच्या खोऱ्यांतून जातांना पावसाळ्यानंतर डोंगरउतार सर्वत्र सारखेच हिरवे दिसतात. परंतु ह्या हिरवेपणाचीं वयें निरनिराळीं असतात. भाताच्या राबासाठीं किंवा कोळशाच्या भट्ट्यांसाठीं जेथें रान तोडलें गेलें, तेथेंहि मुळें जिवंत असल्यास ऐन, किंजळ यांच्या बुंध्यांना धुमारे फुटतात. कुंभा तर वणव्यालाहि सहसा हार जात नाहीं. करवंदीच्या जाळींत पाखरांनीं टाकलेलें जांभळीचें बीं रुजतें, व कांटे गुरांना दूर ठेवतात. कांहीं वर्षें कुऱ्हाड थांबली, तर रान आपण होऊन सांवरतें.

तथापि ह्या औदार्यालाहि मर्यादा आहे. धनेश अथवा ककणेर ह्या पक्ष्याची मादी जुन्या वृक्षाच्या ढोलींत शिरून तिचें तोंड लिंपून घेते. चोंच बाहेर येईल एवढीच फट राहते. नर तिला व पिलांना फळें भरवतो, आणि त्या फळांच्या बिया रानभर पसरवितो. अशी ढोली वीस वर्षांच्या झाडांत कोठून मिळणार? तिला पिढ्यान्‌पिढ्या उभा असलेला बेहडाच लागतो.

पांढऱ्या पाठीच्या गिधाडालाहि घरट्यासाठीं उंच वृक्ष हवा. ह्याच जिल्ह्यांत, म्हसळे तालुक्यांतील चिरगांवच्या रानांत, तें घरटीं करीत आलें आहे. ज्या डायक्लोफिनॅक औषधानें गिधाडांचा संहार झाला, त्याच्या गुरांसाठींच्या वापरावर २००६ सालीं बंदी आली. औषधाला बंदी घालतां येते. शंभर वर्षांचा वृक्ष मात्र हुकुमानें उभा करतां येत नाहीं.

असे वृक्ष देवरायांनीं राखले. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं १९७६ सालीं पश्चिम घाटांतील देवरायांवर निबंध प्रसिद्ध करून त्यांचें महत्त्व शास्त्रज्ञांपुढें मांडलें. परंतु कोकणांतील पुष्कळसें रान खाजगी मालकीचें आहे, आणि त्याचे सामाईक मालक मुंबई-पुण्यास राहतात. ठेकेदार उभ्या रानाची किंमत सांगतो, तेव्हां घरांत कोणाच्या शिक्षणाची किंवा लग्नाची अडचण असते. ती खोटी नसते. निदान सही करण्यापूर्वीं एक अट घालावी : ढोलीच्या व घरट्याच्या वृक्षांस हात लावूं नये. तोडलेला ऐन बुंध्यांतून पुन्हां फुटेल. पण बेहड्याची गेलेली ढोली आपल्या नातवंडांनाहि पाहावयास मिळणार नाहीं.