पांच मिनिटांचा रंगमंच

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील एका लहानशा सभागृहांत एक सायंकाळ घालविण्याचा योग आम्हांस आला. सभागृह म्हणणेंही धाडसाचेंच. आपल्या शाळेच्या दोन वर्गांएवढी ती खोली, साठ-सत्तर खुर्च्या, वीतभर उंचीचा मंच आणि त्यावर एक स्टूल व एक माइक. ज्याचें नांव यादींत लागेल त्याला येथें पांच मिनिटें मिळतात. तेवढ्यांत त्यानें गावें, वाजवावें किंवा लोकांस हसवावें. वेळ संपत आली कीं मागून कोणी दिवा दाखवितो. तो दिसतांच आवरतें घ्यावयाचें. या प्रकारास 'ओपन माइक' असें नांव आहे.

त्या दिवशीं विशीचा एक तरुण प्रथमच उभा राहिला होता. खानावळींतल्या आमटीवर त्यानें दोन-तीन कोट्या केल्या. कोणी हसलें नाहीं. त्याचा हात कांपूं लागला, पुढचें वाक्य आठवेना. पंख्याची घरघर तेवढी ऐकूं येत होती. मग तो हळूच म्हणाला, "घरीं आरशानें चांगली दाद दिली होती." खोली हास्यानें दणाणून गेली! खरें सांगावयाचें तर त्याचें पुढचें भाषणही बेताचेंच होतें. पण खालीं उतरतांना तो पुन्हां येणार, हें त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतें.

हजार प्रेक्षकांच्या नाट्यगृहांत हीच फजिती झाली असती, तर बिचारा जन्मभर मंचाची पायरी चढला नसता. लहान खोलींत श्रोत्यांचे डोळे दिसतात, आणि पडणाऱ्यास सांवरून घेण्याची जबाबदारी श्रोत्यांवरही येते. मोबाइलच्या पडद्यावर ही सोय नाहीं; तेथें फसलेला विनोद अंगठ्याच्या एका फटकाऱ्यानें दूर सारला जातो.

एकट्या माणसानें उभें राहून गाण्यानें व हास्यानें सभा जिंकावी, हें मराठी मनास नवें नाहीं. आपले कीर्तनकार पिढ्यान् पिढ्या हेंच करीत आले. पु. ल. देशपांडे यांनीं 1961 सालीं 'बटाट्याची चाळ' एकट्यानें रंगभूमीवर उभी केली. ते पेटीही उत्तम वाजवीत. लक्ष्मण देशपांडे यांनीं 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्यें पन्नासांहून अधिक पात्रें एकट्यानें साकारलीं.

पालक म्हणतील, अशा ठिकाणीं जिभेला लगाम नसतो. हें पुष्कळदां खरें आहे, आणि तें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. कित्येक कार्यक्रम 18 वर्षांवरील प्रेक्षकांसाठींच असतात. तिकीट काढण्यापूर्वीं चौकशी करावी. परंतु तेवढ्यावरून सारा प्रकारच त्याज्य ठरविणें आम्हांस मान्य नाहीं.

आमचा खरा मुद्दा घराजवळचाच आहे. स्नेहसंमेलनांत मंच कोणास मिळतो? ज्यांना येतें त्यांना. महिना महिना तालीम, भाड्याचे पोशाख, कर्कश ध्वनिक्षेपक, आणि निवडलेलीं तींच दहा-बारा मुलें. जो बोलतांना अडखळतो, जिचा सूर अजून कच्चा आहे, तीं दरवर्षीं मागच्या बांकावर बसून टाळ्या वाजवितात. स्नेहसंमेलन बंद करा असें आम्ही म्हणत नाहीं. तो थाटही मुलांना हवाच असतो. पण चुकण्यासाठीं म्हणून एखादी जागा शाळेंत असावी कीं नाहीं?

म्हणून आमची विनंति आहे कीं, महिन्यांतून एका शनिवारीं शाळा सुटल्यावर चित्रकलेचा वर्ग उघडा ठेवावा. सतरंज्या घालाव्या. तीस-चाळीस श्रोते पुरेत; त्यांत पालकही यावेत, मात्र त्यांनीं मोबाइल खिशांतच ठेवावा आणि चित्रण करूं नये. नांव देईल त्यास पांच मिनिटें, बक्षीस नाहीं, क्रमांक नाहीं. वेळ संपल्याची खूण करण्यास आमची जुनी बॅटरी आम्ही घरून आणूं.