शेवट माहीत असूनही

वाचनालयातून आणलेल्या रहस्यकादंबरीच्या तिसऱ्याच पानावर कुणा परोपकारी वाचकाने पेन्सिलीने लिहून ठेवले होते, ‘खुनी धाकटा भाऊ आहे.’ गोष्ट १९८८ ची. बँकेच्या नोकरीत माझी बदली तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या एका गावी झाली होती. १९९९ मध्ये जिल्हा तुटला आणि ते गाव हिंगोलीकडे गेले. बिऱ्हाड मागेच होते. शाखा बंद झाली की भाड्याची खोली, विजेचा भरवसा नसल्याने कंदील, आणि पुस्तके. त्या पेन्सिलवाल्याला मनसोक्त शिव्या देऊन मी कादंबरी वाचायला घेतली आणि चाळीस पानांवर मिटली. भावाचे नाव कळल्यावर आत वाचण्यासारखे काही उरलेच नव्हते.

त्याच आठवड्यात रत्नाकर मतकरींच्या गूढकथा हाती लागल्या. त्यातल्या एकीच्या शेवटाने असा काही दचकलो की झोप येईना, म्हणून तीच कथा पुन्हा पहिल्यापासून वाचली. आता शेवट ठाऊक होता, तरी भीती उलट वाढली. वाक्ये तीच होती. पण पहिल्या खेपेला जी मला साधी, घरगुती वाटली होती, त्यांच्याच आड सगळे उघड्यावर मांडून ठेवलेले होते. लेखकाने काही लपवले नव्हते. मीच पाहिले नव्हते.

आमच्या पिढीने बाबूराव अर्नाळकर खाटेखाली लपून वाचले. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांच्या नावावर आहेत. झुंजार आणि काळा पहाड यांनी महाराष्ट्राला वाचायची गोडी लावली, हे उपकार विसरू नयेत. तिथे प्रश्न असे, कोणी केले? मानसशास्त्रीय रहस्यात खरा प्रश्न वेगळा असतो. मला हा माणूस असा का वाटला? अ‍ॅगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ १९२६ मध्ये आली तेव्हा लेखिकेने फसवले म्हणून काही जण संतापले होते. शेवट मी सांगणार नाही. पण कादंबरी दुसऱ्यांदा वाचून पाहा. एकही वाक्य खोटे सापडत नाही. शेवटच्या प्रकरणात जुळा भाऊ हजर करणारे किंवा सगळे स्वप्न होते म्हणणारे लेखक खरे फसवे. हल्ली मालिकांत दर भागाला एक धक्का लागतो. त्यातले बरेचसे याच जातीचे.

औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला मी चार वेळा गेलो होतो. नंदी देवळासमोर नसून पाठीमागे आहे, हे पाचव्या वेळी एका पोराने दाखवले. नामदेवांसाठी देऊळ फिरले ही कथा लहानपणापासून पाठ, आणि तिची खूण डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती!

आता शाखेतली गोष्ट सांगतो. बचत खात्यांच्या काउंटरवर एक कारकून होते. त्यांचे नाव सांगत नाही. वागणे मृदू, अक्षर मोत्यासारखे, आणि वर्षानुवर्षे एक दिवस रजा नाही. वरिष्ठांपुढे मी त्यांचा दाखला देत असे. बाजाराच्या दिवशी अंगठेबहाद्दर म्हाताऱ्यांच्या स्लिपा ते स्वतः भरून देत.

हळद विकून आलेले पैसे ठेवणारी एक विधवा बाई जुलैत माझ्या टेबलापाशी आली. ‘सायब, औंदा याज कमी पडलं जी.’ मी तिला त्यांच्याकडेच पाठवले. त्यांनी तिला शेजारी बसवून नियम समजावला: महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावरच व्याज. नियम खरा होता. रोजच्या शिलकीवर व्याज २०१० पासून मिळू लागले. त्यांचा धीर पाहून मला कौतुक वाटले. जानेवारीत बाई पुन्हा आली. मी पुन्हा तिकडेच बोट दाखवले.

मग ते टायफॉइडने आडवे झाले आणि त्यांच्या जागी दुसरा मुलगा बसला. चौथ्या दिवशी तो लेजर आणि एक पासबुक घेऊन माझ्याकडे आला. पासबुकात रक्कम होती, लेजरमध्ये नव्हती. नंतर अशी पासबुके निघतच गेली. पैसे परस्पर घ्यायचे, पासबुकात मांडायचे, कुणी काढायला आले की दुसऱ्याच्या पैशांतून भागवायचे. असा खेळ खेळणाऱ्याला जागा सोडून चालत नाही. म्हणून रजा नाही. आणि व्याज लेजरवरून लागते, म्हणून बाईला कमी पडले.

तपासाला आलेल्या अधिकाऱ्यांबरोबर मी दोन वर्षांचे कागद पुन्हा वाचले. प्रत्येक पान मी आधी पाहिलेले होते. कित्येक पासबुकांतल्या नोंदींपुढे आद्याक्षरे माझीच होती. गर्दीच्या वेळी दहा-दहा पासबुके एकदम पुढे येत आणि ती त्यांच्याकडून आलेली असत, एवढे मला पुरे होते. महत्त्वाच्या जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून सलग दहा दिवस तरी सक्तीने रजेवर पाठवावे, असे रिझर्व्ह बँकेने बऱ्याच वर्षांनी, २०१५ मध्ये, सांगितले. ते वाचताना मला ते मोत्यासारखे अक्षर आठवले.

मतकरींनीही बँक ऑफ इंडियात वीस वर्षे नोकरी केली आणि १९७८ मध्ये ती सोडून पूर्णवेळ लेखन धरले, हे मला फार उशिरा कळले. त्यांच्या कथांतली भुते बहुधा नीटनेटक्या घरांत आणि सभ्य माणसांच्या मनात का राहतात, हे मग मी फारसे विचारले नाही.

बँकेने खातेदारांची रक्कम भरून दिली. ती बाई पैसे मोजून घ्यायला आली, लुगड्याच्या कनवटीला लावले आणि काउंटरकडे पाहत म्हणाली, ‘ते सायब दिसनात? लई चांगले व्हते. बसवून सांगायचे.’