कसली लाईन?



गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. घरात मी एकटीच होते. लाईट गेलेली. तेवढ्यात आळीतून कोणीतरी ओरडले, "लाईन आली, लाईन आली!" मी पंख्याचे बटण दाबले. पंखा काही फिरेना. म्हटले, जाऊ दे, ओरडणाराला भास झाला असेल. थोड्या वेळाने आई आली, तर हंडे कोरडे ठणठणीत! आलेली लाईन पाण्याची होती, आणि ती येऊन गेलीसुद्धा. आई रागावली नाही. मुकाट्याने हंडा घेऊन लांबच्या विहिरीवर गेली. त्याचे मला जास्त वाईट वाटले.

तेव्हापासून मी हा शब्द मोजते आहे. लाईनीत उभे राहा. दोन लाईनी सोडून लिहा. पट्टीने लाईन मारा. रेशनला लाईन, विजेची लाईन. फोनला आता तारच नाही, तरी लाईन बिझी! आपल्या शेजारच्या माणपासून शिवाजीनगरपर्यंतच्या ज्या मेट्रोचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ ला झाले, तिचे नावही लाईन तीन.

आजीपाशी मात्र प्रत्येकाला निराळा शब्द आहे. माणसांची रांग, पुस्तकातली ओळ, पाटीवरची रेघ, जेवणाऱ्यांची पंगत, उसाची सरी, नांगराचे तास, विजेची तार. नुसते 'लाईन' म्हटले की ती विचारते, "कसली गं?"

गुरुजी म्हणाले, हा शब्द मुळात लॅटिन भाषेतल्या 'लिनिया'वरून आला. लिनिया म्हंजे जवसाच्या धाग्याचा दोरा. होय, आपण चटणी करतो तेच जवस! त्याच्या खोडातून धागा निघतो. असा दोरा ताणून धरला की सरळ रेघ मिळते. आपले गवंडीकाकाही भिंत उचलताना तेच करतात, आणि त्या दोरीला म्हणतात लाईनदोरी. म्हणजे दोरीदोरीच झाले की!

कोणी म्हणेल, हिला इंग्रजी नको आहे. तसे मुळीच नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे आणि मला ते आवडते. 'वायरमन' हाही इंग्रजीच शब्द, पण वायरमन आला म्हटल्यावर कोणी हंडे घेऊन धावत नाही. (महावितरण त्याला 'जनमित्र' म्हणते. गावात तो वायरमनच.) इंग्रजी बोलणारे लाईनच्या आधी आणखी एक शब्द लावतात, वॉटर लाईन, पॉवर लाईन. आपण तो आधीचा शब्द खाऊन टाकतो आणि शेपूट तेवढे ओरडतो. माझ्या मते 'पाणी आलं' म्हणायला 'लाईन आली'पेक्षा जास्त वेळ लागत नाही. पाहिजे तर घड्याळ लावून बघा.

आमच्या आळीला मी हे सांगून पाहिले. सगळे हसले. म्हणून आता 'लाईन आली' असे ऐकले की मी आधी नळाकडे पळते, मग दिव्याकडे बघते. दोन्हीकडे काहीच नसले, तर दारात उभी राहून आजीसारखे विचारते, "कसली ओ?"