आधी मनमाड, मग म्युनिक

हे लिहिल्यावर दोन-चार जवळची माणसं रागावणार, हे मला ठाऊक आहे. त्यातले दोघं तर नात्यातलेच आहेत. पण मॉडेल रेल्वेच्या छंदाचं आपल्याकडे जे चाललंय ते बघून गप्प बसवत नाही, म्हणून एकदा स्पष्टच लिहितो.

आपण हा छंद करत नाही हो, विकत घेतो.

बघा ना. कुणाचा भाऊ, मेहुणा, पुतण्या परदेशातून येतो. येताना बॅगेत एक जर्मन इंजिन आणि तीन डबे आणतो. सनमायकाच्या टेबलावर रुळांचा एक लंबगोल मांडला जातो. गाडी आठवडाभर गोल गोल फिरते. मग ती शोकेसमध्ये, काचेमागे, गणपतीच्या चांदीच्या मूर्तीशेजारी जाऊन बसते. पाहुणे आले की "हात लावू नको रे, युरोपातली आहे!" एवढाच काय तो तिचा संसार. पुढच्या वर्षी दुसरं इंजिन येतं. मित्राकडे त्याहून महागडं येतं. यात मैत्री कुठे आहे? ही तर लग्नातल्या दागिन्यांसारखी चढाओढ झाली.

याउलट चार माणसं मिळून जेव्हा काही बनवतात तेव्हा काय होतं ते सांगतो. आमचा पाच जणांचा गट आहे. रविवारी सकाळी जमतो. पहिला अर्धा तास रूळ पुसण्यात जातो, कारण आपल्या गावची धूळ! स्पिरिटचा बोळा फिरवला नाही तर चाकाला वीजच मिळत नाही आणि इंजिन म्हातारबाबांसारखं थांबत थांबत चालतं. मे महिन्यात रूळ तापून फुगतात, म्हणून जोडात फट सोडायची. ती किती सोडायची यावर दोन कप चहाइतका वाद होतो. चहा झाला की उरलेली पूड कुणी फेकायची नाही, वाळवून ती जमिनीसाठी वापरायची. बाभळी तारेच्या, गवत रंगवलेल्या भुशाचं, डोंगर थर्माकोल आणि पीओपीचे. एकाच्या हाताला सोल्डरिंग जमतं, एकाला रंग, एकाला नुसत्या गप्पा. तोही लागतोच :-)

आणि आमच्यात एक निवृत्त गार्डकाका आहेत. शेवटच्या डब्यामागे 'एलव्ही'ची छोटी पाटी नसेल तर ते गाडी सुटू देत नाहीत. का, तर गाडी पुढच्या स्टेशनातून गेल्यावर ती पाटी दिसली, म्हणजे सगळे डबे आले, मागे एखादा सुटून राहिला नाही. बोटाच्या पेराएवढी पाटी, पण ती नसली की काका झेंडीच दाखवत नाहीत. हे ज्ञान कुठल्याही खोक्यात मिळत नाही. माणूस शेजारी बसला तरच मिळतं.

तर माझं म्हणणं असं. हा छंद मिळून करायचा आहे. आणि मिळून करायचा तर आल्प्सची गाडी कशाला? आपली लाईन करा. मनमाडहून निघून आपल्या शहरावरून नांदेड, सिकंदराबादकडे जाणारी जुनी मीटरगेज. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात 'हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे' म्हणून ती सुरू झाली आणि नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात आपल्या भागात ब्रॉडगेज होऊन संपली. नव्वद-पंचाण्णव वर्षं मराठवाडा तिच्यावर चालला. तिचं धड एक मॉडेल माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता यावर जे आक्षेप येतात ते एकेक घेतो.

पहिला आक्षेप : "पुण्यात जोशींनी केलंय की!" केलंय, आणि त्यांना माझा दंडवत. कोथरूडचं भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला लोकांसाठी उघडलं. १:८७ या प्रमाणातलं अख्खं शहर, सिग्नल, फ्युनिक्युलर, सर्कससुद्धा. एका माणसाने छंदापायी किती वर्षं खपावं याचा तो नमुना आहे. इथल्या प्रत्येक शाळेची सहल तिथे जावी. पण तिथून परत येताना आपण काय शिकतो? "आपणही तसलंच शहर करू." भाऊंनी स्वतःच्या हाताने जग उभारलं, हा धडा घ्यायचा सोडून आपण फक्त त्या जगाचा नकाशा उचलतो. हे म्हणजे गायकाची तान सोडून त्याची शाल उचलण्यासारखं आहे.

दुसरा आक्षेप : "आपल्या गाड्यांची मॉडेलं बाजारात मिळत नाहीत, आणि मीटरगेजची तर नाहीतच." इथे जरा गणित करू. जगात सर्वात जास्त चालणारं प्रमाण म्हणजे एचओ, १:८७. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या स्टँडर्ड गेजवरून काढलेत. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. भागिले ८७ केलं की येतात १९.३. म्हणजे देवगिरी एक्स्प्रेसचे डबे तुम्ही तयार रुळांवर ठेवलेत तर रूळ पावणेतीन मिलिमीटरने अरुंद दिसणार, मोठ्या माणसाने लहान मुलाच्या चपला घातल्यासारखे. आता मीटरगेज घ्या. १००० भागिले ८७, साडेअकरा. आणि १२ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात! स्वित्झर्लंडच्या डोंगरी मीटरगेज गाड्यांसाठी बेमोसारख्या कंपन्या ते बनवतात. टीटी नावाच्या लहान प्रमाणाच्या गाड्याही १२ मिलिमीटरवरच धावतात, म्हणजे मोटर आणि चाकं तिथून घेता येतात. वर वायपी किंवा वायजी इंजिनाचा सांगाडा पत्र्याचा, प्लॅस्टिक शीटचा किंवा थ्रीडी प्रिंट करून चढवायचा. आपल्याच गावात, वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी रोज खेळणारे हात आहेत. त्यांना सांधा बनवता येणार नाही होय? सांगायचा मुद्दा असा, की जी लाईन 'मिळत नाही' म्हणून आपण सोडून देतो, तीच सर्वात बिनचूक बनवता येते.

तिसरा आक्षेप : "जागा कुठंय?" खरंय. मनमाड ते आपलं शहर सुमारे ११३ किलोमीटर. १:८७ ने ते एक किलोमीटर तीनशे मीटर होतं. टू बीएचकेत बसणार नाही! दौलताबादच्या किल्ल्याचा डोंगर साधारण २०० मीटर उंच धरला तर मॉडेलात सव्वादोन मीटरच्या वर जातो, म्हणजे टेबलावर ठेवला की पंख्याला लागेल. पण जगाने यावर कधीच उपाय काढलाय. अमेरिकेत सत्तरच्या दशकात 'एनट्रॅक' निघालं, युरोपात १९८१ पासून 'फ्रेमो' आहे. कल्पना सोपी. प्रत्येकाने घरी एकच तुकडा बनवायचा, साधारण चार फूट बाय दोन फूट. तुकड्याच्या दोन्ही टोकांची उंची, रुळांची जागा आणि वायरिंग सगळ्यांचं सारखं. मधे ज्याला जे करायचं ते करा. मग वर्षातून एकदा मंगल कार्यालयाचा हॉल घ्यायचा आणि सगळे तुकडे जोडून लाईन चालू करायची. किल्ला मागच्या पडद्यावर रंगवायचा. पाच किलोमीटरचं माळरान पाच फुटात आवळायचं. इतकी लबाडी चालते, रेल्वेचे देव रागवत नाहीत.

आता कल्पना करा. मनमाड एकाचं. अंकाईचे जोडकिल्ले दुसऱ्याचे. नगरसूल, तारूर, रोटेगाव, परसोडा, करंजगाव, लासूर, पोटूळ, दौलताबाद, मग आपलं स्टेशन. प्रत्येक स्टेशनचा मालक हाच तिथला स्टेशनमास्तर. लाईन एकेरी, त्यामुळे पुढच्याने 'लाईन क्लिअर' दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही. ड्रायव्हरला वेताच्या कडीत टोकन द्यायचं, पुढच्या स्टेशनवर ते परत घ्यायचं. रोटेगाववाला चहाला गेला तर मागची अख्खी लाईन अडकणार आणि परसोडावाला तिथून ओरडणार. एकमेकांशी बोलल्याशिवाय गाडीच चालत नाही अशी ती रचना आहे. शोकेसमधल्या गाडीला कुणाचीच गरज पडत नाही. माझ्या मते या छंदातला सगळा फरक इथेच आहे.

चौथा आक्षेप घरातून येतो : "मोठी माणसं तुम्ही, खेळण्याशी काय खेळता? उपयोग काय?" घरच्यांशी वाद घालायचा नसतो, म्हणून एकच उदाहरण. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९४६ पासून विद्यार्थ्यांचा मॉडेल रेल्वेचा क्लब आहे. तिथली काही मुलं वरती झाडं-घरं रंगवायची, आणि काही टेबलाखाली घुसून टेलिफोन एक्स्चेंजच्या जुन्या रिलेंमधून गाड्या चालवायची यंत्रणा जोडायची. पन्नाशीच्या दशकाअखेरीस टेबलाखालची तीच मुलं कॉलेजच्या कॉम्प्युटरकडे वळली. 'हॅकर' हा शब्द कॉम्प्युटरच्या जगात आला तो बराचसा त्या टेबलाखालून. पण खरं सांगू? उपयोग नसता तरी मी हेच म्हटलं असतं. रविवारी पाच माणसं मोबाईल बाजूला ठेवून तीन तास एका सांध्यावर वाद घालतात, याहून मोठा उपयोग मला तरी सुचत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वात वजनदार आहे आणि तो मला आमच्यातल्याच एका ज्येष्ठाने ऐकवला. "अरे, ज्या मीटरगेजने मराठवाड्याला मागास ठेवलं तिचं कौतुक कसलं? ती जावी म्हणून आम्ही आंदोलनं केली!" बरोबर आहे. गोविंदभाई श्रॉफांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा जनता विकास परिषदेने ब्रॉडगेजसाठी वर्षानुवर्षं लढा दिला. मुंबईकडे जायचं तर मनमाडला उतरायचं, सामान डोक्यावर घेऊन गाडी बदलायची. मालाचंही तेच, छोट्या वाघिणीतून काढून मोठ्या वाघिणीत भरायचा. त्यात वेळ जायचा, पैसा जायचा, पोती फुटायची. कारखाना काढणारा आधी विचारायचा, "तुमच्याकडे मोठी लाईन आहे का?"

म्हणूनच तर मॉडेल हवं! झुकझुकगाडीच्या आठवणी काढून डोळे ओले करणारं गोड मॉडेल मलाही नकोय. मला मनमाड हवंय. एका फलाटाला मोठे रूळ, दुसऱ्याला लहान, आणि मधे पाठीवर पोतं घेऊन वाकलेला हमाल. १:८७ मध्ये तो जेमतेम दोन सेंटिमीटरचा होईल. पण वीस वर्षांची मुलगी तो बघेल आणि विचारेल, "हे पोती इकडून तिकडे का नेतायत?" त्या प्रश्नाचं उत्तर देताना अर्धा इतिहास सांगून होईल. भाषणातून 'अनुशेष' शब्द ऐकून जे कळत नाही ते पावणेसातशे मिलिमीटरच्या फरकात दिसतं. आज त्याच लाईनवरून वंदे भारत जाते, २०२३ च्या डिसेंबरात ती जालन्याहून सुरू झाली. ती कशावर मात करून आली हे दाखवायला शेजारी मीटरगेज नको?

"ज्याला जे आवडतं ते त्याने करावं," असं म्हणून विषय मिटवणारेही आहेत. करावं की! जर्मन इंजिन जप्त करायला मी येणार नाही. पण म्युनिकचं स्टेशन बनवणारे जर्मनीत हजारो आहेत आणि ते आपल्यापेक्षा चांगलं बनवतात. लासूरचं स्टेशन बनवणारा आपल्याशिवाय कोण येणार? आणि वेळ फार नाही. पोटूळच्या केबिनचा दरवाजा कुठल्या बाजूला होता, हे ज्यांना आठवतं ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं, स्टेशनचं २०२५ मध्ये. आपण मॉडेलासाठी १९७५ साल धरू, म्हणजे फलाटावर 'औरंगाबाद'चीच पाटी लागेल, त्यावर वाद नको.

असो. आता नातेवाईक मंडळींना काम सांगतो. माळ्यावरच्या अल्बममध्ये या लाईनवरचे जुने फोटो असतील तर काढा. सुट्टीत कुणी अजिंठा एक्स्प्रेसच्या दारात उभं राहून काढलेला असेल, कुणाच्या लग्नाचं वऱ्हाड रोटेगावला उतरलेलं असेल. तुम्ही नवरा-नवरी बघा, आम्हाला मागची भिंत आणि सिग्नल द्या :-) घरात कुणी गँगमन, पॉइंट्समन, बुकिंग क्लार्क असेल तर त्यांना रविवारी घेऊन या, चहा आमचा.

मनमाडचा तुकडा मी घेतलाय, हमालासकट. अंकाई आणि दौलताबाद गेले. लासूर अजून मोकळं आहे.