एकोणपन्नासाव्या अक्षांशावरील गाणीं

गाणें ज्यानें रचलें त्यानेंच तें गावें, असा आग्रह गेल्या साठ वर्षांत पाश्चात्त्य संगीतांत चांगलाच रूढ झाला आहे. शब्द त्याचे, चाल त्याची आणि गळाहि त्याचाच. मग तो गळा गोड असो वा नसो. या आग्रहाची परीक्षा पाहणारी एक ध्वनिमुद्रिका आम्हीं नुकतीच वारंवार ऐकली. तिचा परिचय आज वाचकांस करून देतों.

के. डी. लँग या कॅनेडियन गायिकेची ही ध्वनिमुद्रिका २००४ सालीं निघाली. 'हिम्स ऑफ द फॉर्टिनाइन्थ पॅरलल', म्हणजे 'एकोणपन्नासाव्या अक्षांशावरील स्तोत्रें', हें तिचें नांव. कॅनडा व संयुक्त संस्थानें यांची पश्चिमेकडील सरहद्द या अक्षांशावरून जाते. नील यंग व जोनी मिचेल हीं १९६० नंतरच्या दशकांत ती ओलांडून गेलीं तीं कॅलिफोर्नियांत रमलीं व तेथेंच नांवारूपास आलीं. त्यांचीं, तसेंच लेनर्ड कोहेन, ब्रूस कॉबर्न, जेन सिबरी व रॉन सेक्सस्मिथ यांचीं गाणीं लँगबाईंनीं येथें जणूं माहेरीं बोलावून आणलीं आहेत.

बाई आरंभीं 'कंट्री' नांवाचीं ग्रामीण धाटणीचीं गाणीं गात. पुढें २००२ सालीं टोनी बेनेट या मुरलेल्या गायकाबरोबर त्यांनीं लुई आर्मस्ट्राँगची स्मृति जागविणारी ध्वनिमुद्रिका केली. सोवळे जाझवाले त्यांस आपल्या पंक्तीस बसवितील कीं नाहीं, ही शंकाच आहे. परंतु पियानोच्या साथींत, तालाच्या किंचित् मागें राहून शब्द टाकण्याची त्यांची रीत त्याच घराण्याची आहे, असें आम्हांस वाटतें.

मिचेलबाईंचें 'अ केस ऑफ यू' १९७१ सालचें. त्यांत विरहिणी स्वदेशाचा नकाशा रेखाटते. मूळ गाण्यांत त्यांचा उंच, कोवळा सूर आणि मांडीवर घेऊन वाजवावयाचें डल्सिमर हें तंतुवाद्य आहे. लँगबाई तोच प्रसंग खालच्या, भरदार स्वरांत सांगतात. तेथें जखम ताजी होती. येथें ती भरून आलेली, पण हवा बदलली कीं ठणकणारी.

खरी कसोटी 'हॅलेलुया' या गाण्याची. कोहेन मूळचे कवि. पहिला काव्यसंग्रह १९५६ चा, पहिली ध्वनिमुद्रिका १९६७ ची. तोंवर तिशी उलटून गेली होती. हें गाणें ज्या ध्वनिमुद्रिकेंत आहे ती १९८४ सालीं तयार झाली, तेव्हां त्यांच्या अमेरिकन कंपनीनें ती काढण्याचेंच नाकारलें! पुढें १९९१ सालीं जॉन केल व १९९४ सालीं जेफ बक्ली यांनीं तें गायिलें आणि मग तें सर्वतोमुखीं झालें. कोहेन यांच्या घोगऱ्या आवाजांत देवाची स्तुति करणारा मनुष्य थकलेला, कांहींसा उपरोधिकहि आहे. आपली प्रार्थना पोंचेल, याची त्यास खात्री नाहीं. लँगबाई आवाज बराच वेळ मुठींत धरून ठेवतात व अखेरीस सोडतात, तेव्हां प्रार्थना पोंचली असें वाटूं लागतें. श्रोता सुखावतो, पण कवीचा संशय हरवतो. आम्हांस तो संशय हवा होता; तरीहि तें गाणें आम्हीं पुन्हां लावलें, हेंहि कबूल केलें पाहिजे.

यंग यांच्या 'आफ्टर द गोल्ड रश'चें मात्र नुकसानच झालें आहे. त्यांचा बारीक, तुटेल कीं काय असा आवाज त्या स्वप्नवत् शब्दांस शोभतो. लँगबाईंच्या गळ्यांत कोठें खरखर म्हणून नाहीं.

१२ फेब्रुवारी २०१० रोजीं व्हँकूव्हर येथें हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनसमारंभांत बाईंनीं 'हॅलेलुया' गायिलें. तें शहर त्या सुप्रसिद्ध रेषेच्या किंचित् उत्तरेस आहे. कोहेन २०१६ सालीं लॉस एंजेलिस येथें वारले. दफन मात्र मॉन्ट्रियल या जन्मगांवींच झालें.

घरीं ऐकावयाचें झाल्यास आधीं कोहेन ऐकावे, मग लँगबाई. उलट क्रमानें ऐकल्यास कोहेन उगाच रुक्ष वाटतील.