माणसे कमी म्हणून दोरी?

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये रुग्णाला बांधण्याविषयी कलम ९७ आहे. त्यातली एक अट मला सर्वांत मोलाची वाटते: कर्मचारी कमी आहेत एवढ्यावरून रुग्णाला बांधता येणार नाही. आणि रात्रपाळीला भरल्या वॉर्डात एक सिस्टर, एक वॉर्डबॉय असले की पहिली आठवते ती दोरीच.

कायद्याने बांधण्यावर सरसकट बंदी घातलेली नाही. रुग्णाला किंवा इतरांना तत्काळ इजा होणार असेल, दुसरा मार्ग उरला नसेल आणि उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाची परवानगी असेल, तरच बांधायचे. तेही गरजेपुरते. कारण, पद्धत, वेळ यांची नोंद लगेच करायची आणि रुग्णाच्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचे. शिक्षा किंवा धाक म्हणून कधीच नाही. एकट्याला कोंडायचे नाही आणि साखळी तर कुठल्याच कारणाने नाही. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या निवासाला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली, तेव्हा साखळीने जखडलेली पंचवीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

रुग्णाला बांधून आणणाऱ्या नातेवाइकांना दोष देऊ नये. मुलगा कोयता घेऊन आईवर धावला, तर हात बांधून जीपमध्ये घालण्यापलीकडे काय करायचे, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. पण कलम ९४ प्रमाणे अशा आणीबाणीत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर उपचार सुरू करू शकतो, प्रतिनिधी हजर असल्यास त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत. तालुक्याच्या रुग्णालयाने ‘पुण्याला न्या’ म्हणून हात झटकू नयेत.

बिथरलेल्या माणसाला शांत करणे हे शिकावे लागणारे काम आहे. एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी गप्प राहायचे. थोडे अंतर ठेवायचे, दाराची वाट अडवायची नाही. तहान लागली का, कशाची भीती वाटते, हे विचारायचे. साखर, ताप, डोक्याचा मार, दारू अचानक सुटल्याची लक्षणे तपासायची. वेड वाटते तो मेंदूज्वरही असू शकतो. गोळी घेतोस का, हे आधी विचारायचे, इंजेक्शन नंतर. ते दिल्यावर श्वास, नाडी, रक्तदाब पाहायला कुणीतरी जवळ थांबलेच पाहिजे. एकट्या सिस्टरने हे सगळे कसे करायचे?

बांधल्याच्या प्रत्येक घटनेची माहिती दरमहा मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जायला हवी, असे कायदाच सांगतो. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांचे हे आकडे रुग्णांची नावे वगळून शासनाने प्रसिद्ध करावेत, आणि बांधले त्या पाळीला वॉर्डात किती कर्मचारी होते तेही शेजारच्या रकान्यात छापावे.