उपग्रहाचा काटा



परळच्या एका श्राविका भगिनींचे पत्र आले आहे. अभियांत्रिकी शिकणाऱ्या त्यांच्या चिरंजीवास स्वयंचलित छोटी गाडी बनवावयाची असून तीसाठी उपग्रहांवरून स्थान सांगणारे अचूक यंत्र हवे आहे. मोजणीच्या यंत्रांचा भाव लाखांत ऐकून घरात वाद उभा राहिला.

प्रथम गरज तोलावी. साधा मोबाइल मोकळ्या आकाशाखाली सुमारे पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. नवकारशीसाठी सूर्योदय काढण्यास तेवढे पुरून उरते. मुंबईत पूर्व-पश्चिम एक किलोमीटर सरकले तरी सूर्योदयात दोन-अडीच सेकंदांचाच फरक पडतो. गाडीने वाफ्याच्या कडेने चालावे, अशी इच्छा असेल तर मात्र सेंटिमीटर हवेत.

ते मिळण्याची रीत आपल्या पेढीवरचीच आहे. तूप तोलण्यापूर्वी रिकाम्या डब्याचा धडा करतात, तद्वत ज्ञात जागी एक स्थिर ग्राहकयंत्र ठेवतात. वातावरणामुळे आणि उपग्रहांच्या घड्याळांमुळे त्यास जी चूक दिसते, ती जवळपास फिरणाऱ्या दुसऱ्या यंत्राच्या मापातून वजा होते. या पद्धतीस आरटीके म्हणतात. स्थिर यंत्राचीच जागा चुकीची नोंदवली, तर सारा हिशेब तेवढाच सरकतो.

हौशी कामास यू-ब्लॉक्सचे झेडईडी-एफ९पी हे दोन वारंवारतांचे यंत्र विश्वासाचे. क्वेक्टेलचे एलसी२९एच त्याहून स्वस्त. पण त्याच नावाच्या प्रत्येक प्रकारात आरटीके नसते, तेव्हा पुढील अक्षरे वाचूनच पैसे द्यावेत. अँटेनाही त्याच वारंवारतांचा घ्यावा. बचत इथे करू नये. जपानच्या तोमोजी ताकासू यांची आरटीकेलिब ही संगणकप्रणाली विनामूल्य आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थिर केंद्रांची दुरुस्ती इंटरनेटवरून घेता आली, तर दुसऱ्या यंत्राचा खर्चही वाचतो. नोंदणी व शुल्काच्या अटी आधी पाहाव्यात.

परळची अडचण निराळी. गिरण्यांच्या जागी मनोरे उठले. त्यांच्या भिंती-काचांवरून लहरी परततात आणि महागडे यंत्रही फसते. गल्लीत प्रयोग करून यंत्रास दोष देऊ नये. अँटेना गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून दूर ठेवावा. गाडी मैदानात चालवावी.

पत्राच्या शेवटी भगिनी लिहितात, याच यंत्राने गावच्या जमिनीची काकांबरोबरची हद्दही मोजू. ते करू नये. भूमी अभिलेख विभागही आता रोव्हरने मोजतो, परंतु त्याची मोजणी अभिलेखांशी ताडलेली व अधिकृत असते. आपल्या चिरंजीवाचे सेंटिमीटर काका मान्य करणार नाहीत, आणि त्यांनी ते करावेत असा आग्रहही धरता येत नाही. मोजणीचा रीतसर अर्ज दोन्ही घरांनी मिळून द्यावा. गाडीसाठी मात्र मुलास यंत्र अवश्य घेऊन द्यावे, प्रारंभी एकच.